ओव्हलसमोरच्या इमारती आणि वऱ्हाडचा कापूस

मुंबईत चर्चगेट स्टेशनातून उतरून मंत्रालयाकडे पायी निघाले की डाव्या हाताला ओव्हल मैदान लागते. आमच्या वाशिम जिल्ह्यातून मुंबईला जाणारा माणूस बहुधा कामासाठी जातो. कुणाची बदलीची फाइल अडलेली असते, कुणाच्या शाळेचे अनुदान. त्याचे सगळे ध्यान मंत्रालयाच्या गेटपासकडे असते. मैदानापलीकडे झाडांच्या वर उठलेले दगडी मनोरे तो चालता चालता पाहतो, “इंग्रजांनी काय बांधून ठेवलंय!” म्हणतो आणि पुढे जातो. हे वाक्य मी हिंदूंच्या तोंडून ऐकले आहे, मुसलमानांच्या तोंडूनही ऐकले आहे. कौतुकाने म्हटलेले ऐकले आहे आणि आजच्या बांधकामांना नावे ठेवण्यासाठी म्हटलेलेही. त्या वाक्यातल्या ‘इंग्रजांनी’ या शब्दाचा हिशेब एकदा मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी त्या इमारती कोणत्या ते सांगतो. मैदानाच्या पूर्वेला, रस्त्याच्या कडेने त्या एका रांगेत उभ्या आहेत. उत्तरेकडून निघाले तर सार्वजनिक बांधकाम खात्याची इमारत, मग उच्च न्यायालय, मग विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई टॉवर, त्याला लागून पदवीदान सभागृह आणि शेवटी जुने सचिवालय, जिथे आता शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरते. सगळ्यांची तोंडे पश्चिमेला, मैदानाकडे. सगळ्या १८७० च्या दशकात पुऱ्या झाल्या. एवढ्या कमी वर्षांत, एकाच रांगेत, एकाच घडणीच्या इतक्या मोठ्या इमारती उभ्या राहिलेली दुसरी जागा देशात क्वचितच सापडेल. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने या रांगेला आणि मैदानाच्या पश्चिमेच्या आर्ट डेको इमारतींना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला.

ही जागा आधी मोकळी होती, आणि मोकळी ठेवलेली होती. मुंबईच्या किल्ल्याभोवती तटबंदी होती, खंदक होता, आणि त्यापुढे तोफांना मारा करता यावा म्हणून बांधकामाला बंदी असलेले रान होते. त्याला एस्प्लनेड म्हणत. मुंबईला आता बाहेरच्या शत्रूचे भय उरले नव्हते आणि तटाच्या आत माणसांची दाटी झाली होती. १८६२ साली गव्हर्नर म्हणून आलेल्या सर बार्टल फ्रियरने तट पाडायचे ठरवले. तट पडला, खंदक बुजले. मोकळ्या झालेल्या जमिनीचे भूखंड विकून पैसा उभा करायचा आणि त्यातून शहराला शोभतील अशा सरकारी इमारती बांधायच्या, असा बेत होता. एस्प्लनेडचे तुकडे होऊन आजचे ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान आणि कूपरेज झाले.

बेत करणे सोपे असते. पैसा कुठून आला, हा खरा प्रश्न. आणि इथे आमचा वऱ्हाड येतो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला सुमारे चार-पंचमांश कापूस तोवर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने त्या राज्यांची बंदरे बंद केली आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या. मग सगळी नजर हिंदुस्थानच्या कापसावर आली. भाव कितीतरी पटींनी चढले. चार-पाच वर्षांत मुंबईत जो जास्तीचा पैसा आला तो सात-आठ कोटी पौंडांच्या घरात होता, असा जुना हिशेब आहे. मुंबईत रोज नव्या कंपन्या, नव्या बँका निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या बॅकबे कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट वर गेले.

हा कापूस गुजरातचा होता, खानदेशचा होता आणि वऱ्हाडचाही होता. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. हे आपल्या उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचे, इंग्रजी तोंडात झालेले रूप. त्या काळी वऱ्हाड इंग्रजांच्या मालकीचाही नव्हता. तो निजामाचा मुलूख. हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ च्या तहाने तो इंग्रजांकडे कारभारासाठी गेला. ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे त्याचे सरकारी नाव होते, आणि पुढे त्याचे जे सहा जिल्हे झाले त्यांत आमचा वाशिमही होता, इंग्रजी कागदांत ‘बासिम’. निजामाला वऱ्हाड परत हवा होता. सालारजंगांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. इंग्रजांनी तो सोडला नाही. काळ्या जमिनीतल्या पांढऱ्या पिकाकडे पाहिले की कारण समजते. शेवटी १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपये भाडे ठरवून वऱ्हाड कायमचा पट्ट्याने घेतला गेला.

एकेका गठाणीचा पैसा एकेका दगडाला जोडून दाखवण्याचा हा खटाटोप नाही. मुंबईचा पैसा कापसातून आला, आणि कापूस ज्या मुलखांतून आला त्यांत वऱ्हाड मोठा होता, एवढे पुरे आहे.

तो कापूस गेला कसा? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा बराच कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवरून उत्तरेला, गंगेकाठी मिर्झापूरला जात असे. १८२५ च्या सुमारास हैदराबादच्या पेस्तनजी विकाजी या पारशी पेढीने तो घाट उतरून थेट मुंबईला पाठवायला सुरुवात केली. रेल्वे नागपूरपर्यंत पोचली १८६७ साली, म्हणजे तेजी ओसरून गेल्यावर. तेजीच्या बहुतेक काळात आमच्या भागातला माल बैलांच्या पाठीवर आणि बंड्यांतूनच निघाला. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आज देशभरातून बंजारा समाज येतो. त्या समाजाच्या तांड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जो माल वाहिला, त्यात मुंबईच्या वैभवाचा वाटा होता. रेल्वे आली आणि त्यांचा धंदाच बुडाला.

दुसरा समाज आमचा पिंजाऱ्यांचा. नदाफ म्हणा, मन्सुरी म्हणा. वऱ्हाडातल्या गावोगावच्या मुसलमान मोहल्ल्यात पिंजाऱ्याचे एक तरी घर असतेच. गादी भरायची, रजई भरायची, तर पिंजण खांद्यावर घेऊन चाचा अंगणात येऊन बसणार आणि तातीचा तो ‘धुन धुन’ आवाज गल्लीभर जाणार. कापूस हा ज्यांच्या हातातला व्यवसाय, ज्यांच्या नाकातोंडात रुईचे तंतू, त्या लोकांच्या वाट्याला कापसाच्या सोन्यातले काय आले? जिन आले, प्रेस आले, गिरणीचे सूत आले आणि हाताचे काम मागे पडत गेले. सूत कातणाऱ्या बायांचे, मोमीन विणकरांचेही तेच झाले. शेतकऱ्याच्या हातात तेजीत चार पैसे खुळखुळले हे खरे. पण ज्वारीच्या रानात कपाशी चढली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले तेव्हा घरात कणगी रिकामी होती.

मुंबईतली तेजी मात्र त्याच्या आधीच फुटली होती. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपल्यात जमा झाले आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा शेअरच्या वायद्यांचा दिवस होता. त्या दिवशी शहरातल्या मोठमोठ्या पेढ्या बसल्या. बँक ऑफ बॉम्बे बुडाली. बॅकबे कंपनीचे कागद रद्दी झाले. या सगळ्या खेळाचा राजा प्रेमचंद रायचंद होता. जैन, मूळ सुरतेकडचा, कापसाचा आणि शेअरचा दलाल. तोही धुळीला मिळाला. पण बुडण्याआधी, १८६४ साली, त्याने विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आपल्या आईच्या नावाने मनोरा बांधण्यासाठी दोन लाख देऊन ठेवले होते. १ मार्च १८६९ रोजी टॉवरचे काम सुरू झाले आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. २८० फूट उंचीचा तो राजाबाई टॉवर म्हणजे विरून गेलेल्या तेजीतून जमिनीवर उरलेली खूण. टॉवरच्या घड्याळाच्या टोल्यांवर प्रेमचंदच्या अंध आईला सूर्यास्ताआधी जेवायची वेळ कळावी म्हणून तो बांधला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे. मला दोन लाखांचा आकडा जास्त बोलका वाटतो. शेजारच्या पदवीदान सभागृहाला पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी एक लाख दिले. तर, ‘इंग्रजांनी बांधले’ यातला पैशाचा भाग असा.

डोके कुणाचे, हात कुणाचे? विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे. त्याने ते लंडनमध्ये बसून काढले. हिंदुस्थानात तो कधी आलाच नाही. सचिवालयाचा आराखडा कर्नल विल्किन्सचा, उच्च न्यायालयाचा कर्नल फुलरचा. कागद इंग्रजांचे होते यात वाद नाही. पण टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जाती-जमातींचे जे २४ पुतळे आहेत ते घडवण्यामागे रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्याच माणसाचा हात होता. स्कॉटच्या गॉथिक मनोऱ्यावर पगडीवाली, फेट्यावाली माणसे बसवली गेली, आणि ती खालून जाणाऱ्या गर्दीसारखीच दिसतात. न्यायालयाच्या खांबांवर तर पाथरवटांनी मजा केली आहे. एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, हातात तराजू धरलेले माकड तिथे कोरलेले आहे. कंत्राटात फसवला गेलेल्या एका पारशी कारागिराने कोर्टावर काढलेला हा राग, अशी आख्यायिका आहे. खरी असो नसो, वकील मंडळी ती आवडीने सांगतात.

उच्च न्यायालयाच्या हिशेबाची एक गोष्ट मात्र पक्की आहे. एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झाले, नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. खर्च १६,४४,५२८ रुपये आला, मंजूर अंदाजापेक्षा २,६६८ रुपये कमी! सरकारी बांधकाम अंदाजाच्या आत बसल्याचे हे उदाहरण आमच्या जिल्ह्यातल्या कंत्राटदारांना कुणीतरी ऐकवायला हवे.

आणखी एक. या इमारतींची तोंडे मैदानाकडे आहेत असे वर म्हटले. बांधल्या तेव्हा ती समुद्राकडे होती. आज जिथे पश्चिमेची रांग आहे तिथून पुढे पाणी होते. १९२० नंतर भराव पडला, आणि १९३० च्या दशकात त्यावर सिमेंट-काँक्रीटच्या पाच-सहा मजली इमारती उठल्या. गोल कोपरे, लांब सज्जे, फिकट रंग. टोकाला १९३८ चे इरॉस सिनेमागृह. समुद्र दूर गेला. त्या नव्या रांगेचे मालक आणि वास्तुविशारद बहुतेक हिंदी होते, तेव्हा तिच्याबद्दल ‘इंग्रजांनी’ म्हणायची सोयच नाही.

इमारत बांधणाऱ्याची जितकी, तितकीच तिच्यात जे घडले त्याची. या रांगेत सगळ्यात जास्त घडले ते न्यायालयात, आणि तिथे एका खटल्याच्या माळेत तीन मुसलमान नावे अशी गुंफली आहेत की आपल्या मराठी मुलांना ती शाळेत शिकवली जायला हवी होती.

२७ जुलै १८९७ रोजी ‘केसरी’तल्या लिखाणासाठी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांनीही नाकारला. रानड्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. खटल्याच्या त्या टप्प्यावर त्यांना जे योग्य वाटले ते त्यांनी केले. मग टिळकांचे वकील दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज केला आणि तो न्या. बद्रुद्दीन तय्यबजींपुढे आला. तय्यबजी हे मुंबईतले पहिले हिंदी बॅरिस्टर, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, १८९५ पासून न्यायाधीश. स्वभावाने मवाळ, सुधारणावादी. टिळकांचे राजकारण त्यांचे राजकारण नव्हते. शिवाय पुण्यात रँडचा खून नुकताच झाला होता, इंग्रजी पत्रे टिळकांच्या नावाने ओरडत होती, आणि एका हिंदी न्यायाधीशाकडे सरकार डोळे लावून होते. ४ ऑगस्टला तय्यबजींनी जामीन मंजूर केला. त्यांचे म्हणणे साधे होते. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही हे पाहायचे. त्याला बचावाची तयारी करू द्यायची. महिनाभर कोंडून ठेवलेला माणूस पुढे निर्दोष सुटला तर ती न्यायाची थट्टा होईल. खटला चालला तेव्हा ज्यूरीत सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष, आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. तय्यबजींच्या जामिनाने निकाल बदलला नाही. पण आज, जामिनाच्या एका अर्जासाठी माणसे वर्षानुवर्षे आत वाट पाहत असताना, तो आदेश मला शिक्षेपेक्षा जास्त आठवतो.

१९०८ मध्ये टिळकांवर दुसरा राजद्रोहाचा खटला झाला. या वेळी न्यायासनावर तेच दिनशा दावर होते! टिळकांच्या जामिनासाठी अर्ज करणारा तरुण बॅरिस्टर होता महंमद अली जिन्ना. दावरांनी अर्ज फेटाळला, आणि २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्या कामगारांत मोमीन मुसलमानही होते. १९१६ मध्ये टिळकांच्या भाषणांवरून सरकारने पुन्हा जामीनकीचा हुकूम घेतला तेव्हा जिन्नांनी याच न्यायालयात बाजू लढवली, आणि न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला. त्याच वर्षी लखनौ करार झाला. जिन्नांचे नाव निघाले की आपल्याकडे मुसलमानाने विषय बदलायचा, अशी रीत पडून गेली आहे. पुढचे जिन्ना मला मान्य नाहीत, पण म्हणून १९१६ च्या निकालपत्रातून त्यांचे नाव खोडता येत नाही.

तिसरे नाव एम. सी. छागला. सुरुवातीला जिन्नांच्या हाताखाली वकिली केलेले, पुढे त्यांच्यापासून पूर्ण वेगळे झालेले. १९४७ साली ते या न्यायालयाचे पहिले कायम हिंदी मुख्य न्यायाधीश झाले. १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीला, ज्या दालनात त्यांना शिक्षा झाली त्याच्या बाहेर संगमरवरी फलक बसवला गेला. त्यावर शिक्षा ऐकल्यानंतरचे टिळकांचे उद्गार कोरले आहेत. फलकाचे अनावरण छागलांनी केले, आणि याच खोलीत एका थोर माणसाला जे भोगावे लागले त्याचे प्रायश्चित्त करायला आपण आलो आहोत, अशा अर्थाचे ते बोलले. एका जामिनापासून एका फलकापर्यंत, ५९ वर्षे.

न्यायालयात नावे आहेत, शेजारच्या विद्यापीठात मात्र आपण उशिरा पोचलो. पदवीधरांच्या सुरुवातीच्या याद्यांत मुसलमान नावे बोटांवर मोजावीत इतकीच. त्याच खंतीतून तय्यबजी बंधू, नाखुदा महंमद अली रोगे आणि मुन्शी गुलाम महंमद यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम काढली, म्हणजे ओव्हलसमोरचे पदवीदान सभागृह पुरे झाले त्याच वर्षी. पुढे राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयात अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखिते जमली, प्रा. शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी त्यांची वर्णनात्मक सूची केली, ती १९३५ मध्ये छापली गेली. कायदेपंडित आसफ फैझी यांनी आपला इस्माइली हस्तलिखितांचा संग्रहही याच विद्यापीठाला दिला. प्रेमचंद रायचंद या जैन माणसाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या ग्रंथालयाला आपल्या लोकांनी ही ठेव दिली. कारंज्याच्या जैन मंदिरांनी शतकानुशतके पोथ्या सांभाळल्या, त्या गावाच्या जिल्ह्यातल्या माणसाला यात नवल वाटू नये.

वाशिमचे या रांगेशी रोजचे नाते तसे पाहिले तर नाही. आमचे खटले नागपूर खंडपीठात जातात, पदव्या अमरावती विद्यापीठाच्या. १९०५ मध्ये वाशिम जिल्हाच मोडला गेला, अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत वाटला गेला. १ जुलै १९९८ ला तो पुन्हा झाला. राजधानी हैदराबादकडून नागपूरला आणि १९५६ मध्ये नागपूरहून मुंबईला गेली. तोवर जुन्या सचिवालयातून कारभारही हलला होता. मूर्तिजापूरहून कारंज्याला येणारी शकुंतला, जिने पुढे आमचा कापूस मुंबईच्या वाटेला लावला, तिचे रूळ आता गवतात आहेत.

ओव्हलच्या पूर्वेच्या रस्त्याला इंग्रजांनी मेयो रोड नाव दिले होते, अंदमानात शेर अली आफ्रिदीच्या हातून १८७२ मध्ये मारल्या गेलेल्या व्हाइसरॉयचे. पश्चिमेचा होता क्वीन्स रोड. आज पूर्वेचा कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग आहे, ज्यांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जाती-धर्मांची पोरे एका पंगतीला बसवली. पश्चिमेचा महर्षी कर्वे मार्ग, बायकांच्या विद्यापीठाचे संस्थापक. टॅक्सीवाले दोन्ही नावे सहसा घेत नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग म्हटले की ते आधी विचारतात, “हायकोर्ट के सामने?”